एकत्र झोपायला जावं की आपापल्या वेळेला?

जोडप्यात एकाला लवकर पेंग येते, दुसऱ्याला रात्रीच तरतरी येते. दोघांनी एकाच वेळी अंथरुणाला पाठ टेकली, तर दिवसभराचं बोलणं होतं, जवळीक राहते. पण उशिरा झोप येणारा नुसता कूस बदलत राहतो. त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. शरीराच्या घड्याळाचा कल काही अंशी जनुकांतूनच येतो, आणि किमान 7 तासांची झोप दोघांनाही हवी.

आपापल्या वेळेला झोपलं, तर झोप पुरते, चिडचिड घटते. मात्र इथे आदर कृतीत दिसावा लागतो: मोठा दिवा बंद, कानात हेडफोन, सकाळचा अलार्म पहिल्याच ठोक्याला बंद. मला हाच पर्याय पटतो. फक्त लवकर झोपणाऱ्याजवळ दुसऱ्याने आधी 15 मिनिटं बसावं, मोबाईल बाहेर ठेवून.