नेमस्पेस डोक्यावरून जातात? मग एलिमेंटट्री वापरून बघा

एक्सएमएलचे नेमस्पेस (एकाच नावाचे टॅग वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना जोडलेली ओळख) कळत नाहीत म्हणणाऱ्याला मी हल्ली एकच सांगतो, ट्युटोरियल राहू दे बाजूला, पायथॉनसोबत येणारं एलिमेंटट्री हे एक्सएमएल वाचायचं मॉड्यूल उघड आणि एखादं अ‍ॅटम फीड (ब्लॉग-बातम्यांच्या नोंदींची एक्सएमएल फाइल) त्यात टाक. मग फाइंडऑल या शोधणाऱ्या फंक्शनला 'एंट्री' शोधायला सांग. हाती काय लागतं तर रिकामी लिस्ट! ना एरर ना वॉर्निंग, आणि फाइलमध्ये तर एंट्री ढीगभर दिसतायत. इथेच बरेचजण वैतागून लायब्ररीला नावं ठेवतात, पण रूटचा टॅग प्रिंट करून बघा ना जरा. नुसतं 'फीड' नाही येत, आधी महिरपी कंसात अख्खा यूआरआय (वेबपत्त्यासारखं दिसणारं नेमस्पेसचं नाव) आणि मग फीड.

दिसायला घाणेरडं आहे, मान्य. पण खरं नाव तेच आहे हो. ही लिहायची पद्धत जेम्स क्लार्क यांची, आणि १९९९ च्या डब्ल्यूथ्रीसीच्या स्पेसिफिकेशनमध्ये जे पानंच्या पानं सांगितलंय ते इथे एका ओळीत दिसतं: नाव म्हणजे यूआरआय अधिक लोकल नाव, प्रीफिक्सला (टॅगआधी कोलन लावून येणाऱ्या छोट्या नावाला) स्वतःची काही किंमत नाही. तो यूआरआय ब्राउझरमध्ये उघडतो की नाही याच्याशीही पार्सरला (फाइल वाचणाऱ्या कोडला) देणंघेणं नसतं, तो फक्त अक्षर न् अक्षर जुळवून बघतो, शेवटी एक स्लॅश जास्त पडला तरी नेमस्पेस वेगळा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अ‍ॅट्रिब्यूटची. एसव्हीजी, म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या चित्राची, फाइल उघडली की एलिमेंटना कंस लागलेले दिसतात पण विड्थ, हाइट वगैरे मात्र उघडेबोडके, कारण डीफॉल्ट (म्हणजे प्रीफिक्सशिवाय जाहीर केलेला) नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटला लागूच होत नाही, आणि त्याच फाइलमध्ये एक्सलिंक या लिंकसाठीच्या नेमस्पेसचा प्रीफिक्स लावलेला एचरेफ असेल तर त्याला मात्र कंस असतो. हे वाचून लक्षात राहत नाही, बघून राहतं.

आता शिकण्यापुरतं ठीक, पण फाइल परत सेव्ह करायची म्हटलं की एलिमेंटट्रीचा मूड बदलतो. मूळ प्रीफिक्स ते लक्षातच ठेवत नाही, त्यामुळे सगळीकडे एनएसझिरो, एनएसवन असे स्वतःचेच प्रीफिक्स. नेमस्पेसच्या हिशोबाने फाइल तीच आहे, पण असा एसव्हीजी थेट एचटीएमएलमध्ये पेस्ट केलात तर चित्र गायब, एचटीएमएलच्या पार्सरला प्रीफिक्स कळत नाहीत. रजिस्टर-नेमस्पेस नावाचं फंक्शन आहे यावर, रिकामा प्रीफिक्सही चालतो त्याला, फक्त ती नोंद ग्लोबल होते, म्हणजे एका फाइलसाठी केलेली सोय त्याच प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या फाइललाही लागते. याहून वाईट म्हणजे एक्सएसआय-टाइपसारख्या (एलिमेंटचा प्रकार सांगणाऱ्या) अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूमध्ये प्रीफिक्स असेल तर तो नुसती स्ट्रिंग म्हणून तसाच राहतो आणि त्याचं डिक्लेरेशन मात्र उडून जातं. स्कीमावाल्या (रचनेचे नियम वेगळे लिहून दिलेल्या) फाइल्स लिहायच्या असतील तर एलिमेंटट्रीला हात लावू नका.

तिथे एलएक्सएमएल ही दुसरी लायब्ररी घ्या. वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, पण खाली लिबएक्सएमएल२ ही सी भाषेतली लायब्ररी आहे, प्रत्येक एलिमेंटजवळ एनएसमॅप (कुठला प्रीफिक्स कुठल्या यूआरआयचा याची यादी) असतो आणि प्रीफिक्स जसे आत जातात तसेच बाहेर येतात. एक्सपाथही (एक्सएमएलमधून हवं ते शोधायची भाषा) पूर्ण मिळतो, फक्त एक्सपाथ १.० मध्ये डीफॉल्ट नेमस्पेस हा प्रकारच नाही, म्हणून तिथे आपल्या मनाने एक प्रीफिक्स ठरवून द्यावाच लागतो (फाइलमधल्याशी जुळायची गरज नाही, 'क्ष' ठेवलात तरी चालेल).

आणि ज्यांना यातलं काहीच नको, नुसता डेटा ओरबाडायचाय, त्यांच्यासाठी पायथॉन ३.८ पासून एलिमेंटट्रीत यूआरआयच्या जागी कंसात स्टार टाकायची सोय आलीय, कुठलाही नेमस्पेस चालतो मग. घाईत मीही तेच करतो, पण एकाच फाइलमध्ये दोन नेमस्पेसचे 'टायटल' असले की दोन्ही हाती येतात आणि कुठलं कुणाचं ते टॅग बघून आपणच निवडत बसायचं.