हर्णैच्या काकूंची खानावळ आणि एक स्टारवाली केलडी

हर्णै बंदरापासून चालत दहा मिनिटांवर काकूंची खानावळ, घराच्या पडवीतच चार टेबलं टाकलेली. पाच वर्षं जातोय आणि माझे पाचच्या पाच स्टार. संध्याकाळी बंदरावर लिलाव लागतो तिथून काकू स्वतः गलफडं उघडून बघून मासळी घेतात. मागच्या खेपेला बांगड्याचं कालवण होतं, आमसुलाचा वास पडवीभर, तांदळाची भाकरी इतकी गरम की हातात धरवेना, तीन कधी गेल्या कळलंच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एका आठवड्यात खानावळीला अचानक सहा-सात एक स्टारवाले रिव्ह्यू पडलेत. ही जात कुठली ते आम्हा कोकणातल्यांना कोणी शिकवायला नको, आमच्या वाडीत रोज येते, केलडी! म्हणजे लाल तोंडाची माकडं, टोळीने येणार, एक आधी कौलावर बसून अंदाज घेणार मग बाकीची उतरणार. भुकेली असतात असंही नाही हो, पपई तोडायची, एक चावा मारायचा, फेकायची की लगेच दुसरी. हे ट्रोल डिट्टो तेच. फोटो नाही, नाव अर्धवट, आयुष्यात एकच रिव्ह्यू आणि त्यातही शिव्या. ओरडलात तर पळत नाहीत, दात विचकून अजून पुढे येतात. काकूंच्या मुलाने एकाला उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी अजून चार हजर.

एकाने लिहिलंय जुलैत गेलो, ताजी सुरमई नव्हती, फ्रॉड आहेत. अरे बाबा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस, वर समुद्र खवळलेला, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. तेव्हा कोणी सुरमई वाढली तर ती बर्फातली. काकू सरळ सांगतात, आज सोड्याचा भात आणि सुकटीची चटणी, खाडीचं काही मिळालं तर ते. इतक्या खऱ्या बाईला फ्रॉड म्हणायचं? त्या दिवशी मोबाईल हातात धरून चुलीपाशी बसल्या होत्या, मला विचारतात, "माझं मीठ चुकलं काय रे?" मला घास गिळवेना.

जे खरंच जेवलेत त्यांनी दोन ओळी लिहा, काय खाल्लं ते लिहा, पानाचा फोटो टाका. केलड्यांना उत्तर देऊ नका, नुसतं रिपोर्ट करा. आणि जाणार असाल तर सकाळीच फोन करून सांगा, सोड्याचा भात दीडच्या आत संपतो.