1,100 चा स्पीकर अन् स्टॉकहोमचा ऑर्गन

राजेहो, तालुक्याच्या बाजारातून 1,100 रुपयाचा ब्लूटूथ स्पीकर आणला, कंपनीचं नाव राहू द्या. भजनाले, ढोलकीले एक नंबर, पार मंदिराच्या पारापर्यंत आवाज जाते. पण मले नाद स्वीडनच्या ओटो ओल्सन या संगीतकाराचा, 1879 चा जन्म, स्टॉकहोमच्या गुस्ताव वासा चर्चमधी 1956 पर्यंत ऑर्गन, म्हणजे नळ्यांचा मोठा बाजा, वाजवत होता, जवळपास 50 वर्षं एकाच जागी, आमच्या शाळेत मास्तर 3 वर्षं टिकत नाही. त्याचं 1906 चं 'ते देऊम', म्हणजे देवाच्या स्तुतीचं लॅटिन गीत, लावलं, कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, तंतुवाद्यं, हार्प अन् ऑर्गन, अन् ऑर्गनचा खालचा सूर लागला की स्पीकर असा घरघरते जसा डब्यात भुंगा अडकला, टेबलावरची चहाची बशी वाजाले लागली, मग खाली दुपट्टा टाकला तेव्हा जरा शांत. नुसत्या गळ्यानं गायलेली त्याची 6 लॅटिन गीतं मात्र लय गोड वाजते, जुन्या ग्रेगोरियन, म्हणजे चर्चमधल्या लॅटिन भजनाच्या, चालीची ओढ होती त्याले, लाइट गेल्यावर अंगणात खाटेवर पडून ऐकली तं आई म्हणे, हे तं काकड आरतीवानी वाटते बाप्पा. चार्जिंग 4 तास पुरते. पिन आताच ढिली झाली.