छर्‍याच्या बंदुकीवर शिकारीचा स्कोप: नऊ महिन्यांनंतर, मुख्यतः एका पिनेबद्दल

परवा रविवारी शेतावर पाच छर्रे मारले आणि पाचही भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. अंतर २० मीटर. डिसेंबरात हीच बंदूक, हाच हात, आणि तरी छर्रा कागदावर लागेल की नाही याची खात्री नव्हती. मधे एक स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मेला, दुकानदाराशी कडाक्याचं भांडण झालं, आणि मूळ दुखणं बरं झालं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवर ४० रुपयांत. पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाहीत हे मला उशिरा कळलं, म्हणून लिहितोय.

बंदूक साधी आहे, ४.५ मिलिमीटरची, नळी सांध्यावर खाली मोडून (वाकवून) स्प्रिंग ताणायची, परवाना न लागणारी. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्यपदक आणलं आणि मुलीने रेंजवर जायचा हट्ट धरला. तिच्या १० मीटरच्या खेळात भिंगाचा स्कोप चालत नाही, बारीक छिद्रातून बघावं लागतं. माझं तसं नाही. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून बंदुकीवरची नेमाची मागची खाच, पुढची माशी आणि कागदावरचा ठिपका ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. स्कोपमध्ये नेमाची फुली आणि ठिपका एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला कसरत नाही. एवढ्यासाठीच घेतला. पाखरांवर नेम धरण्यासाठी कुणी हे वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि आमच्या बांधावरच्या साळुंक्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

पहिला स्कोप ३-९x४०, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा, एक इंच नळीचा, नेम सरकवायची चकती पाव मिनिटाच्या क्लिकची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), २,४०० रुपयांचा. खोक्यावर शिंगं पसरलेलं हरीण. काच या किमतीला खरंच चांगली होती, आजही म्हणतो. संध्याकाळी साडेसहाला उसाच्या कडेच्या सावलीत कागदावरचा पेनाचा ठिपका दिसायचा.

पण झिरो, म्हणजे फुली जिथे तिथेच छर्रा ही जुळणी, टिकेना. सकाळी २० मीटरला बसवून ठेवायचा, तीसेक छर्रे झाले की मार सरकलेला. पुन्हा क्लिका फिरवायच्या. या अंतराला एक क्लिक म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, सेंटीमीटरभर सरकवायला सात. दोन महिने मी हेच करत बसलो आणि भेटेल त्याला स्कोप भिकार आहे म्हणून सांगितलं. मग एके दिवशी नेम धरताना चष्म्याच्या काचेला स्कोपचं मागचं रबर टेकलं. आधी तिथे चांगलं तीन इंच अंतर होतं. माउंट (स्कोप बंदुकीला धरून ठेवणारा जोड) सोडवून बघितला, तर रेलच्या, म्हणजे माउंट पकडतो त्या बंदुकीवरच्या खाचेच्या, काळ्या मुलाम्यावर सहा मिलिमीटर लांब चकचकीत ओरखडा. स्कोप माउंटसकट मागे चालत आला होता.

स्प्रिंगच्या बंदुकीचं हेच वेगळेपण आहे. काडतुसाची रायफल एकदाच मागे ढकलते. इथे पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे जाते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबतो तेव्हा ती झटक्यात पुढे येते. त्या दुसर्‍या झटक्यात बंदूक पुढे जाते आणि स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणून माउंट थोडा थोडा मागे घसरतो. ११ मिलिमीटरच्या गुळगुळीत खाचेवर नुसत्या पकडीचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी माउंटच्या मागच्या बाजूला एक पिन असते, ती बंदुकीवरच्या भोकात उतरली पाहिजे.

माझ्या माउंटला पिन होती. म्हणून तर माझा संशय तिकडे गेलाच नाही.

उद्यमनगरात ओळखीचे एक मिस्त्री आहेत. नुसता माउंट आणि रेलच्या भोकाची कागदावर काढलेली मापं घेऊन गेलो. त्यांनी व्हर्निअर लावला, माउंट दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "अवो सर, ही पिन भोकात जातच न्हाई की. वरच टेकतीया." दोन मिलिमीटर आखूड होती. टोक आधीच घासून गोल झालं होतं. त्यांनी एका कडक ॲलन बोल्टचं डोकं उडवलं, आटे तसेच ठेवले, टोक लेथवर बारीक करून दिलं. घरी येऊन पिन फिरवली तेव्हा ती भोकात खाली जाऊन तळाला लागल्याचं बोटांना कळलं. तिथून आजतागायत माउंट केसभर हललेला नाही. माउंट विकणार्‍याने पिन दोन मिलिमीटर लांब दिली असती तर माझे दोन महिने आणि दोन डबे छर्रे वाचले असते. याचा राग मला अजून आहे.

तर स्कोप भिकार आहे हे डिसेंबरातलं माझं बोलणं मागे घेतो. तेव्हा स्कोपची चूक नव्हती.

फेब्रुवारीत मात्र खरोखर स्कोपच गेला. चार क्लिका फिरवल्या तर काही नाही, पुढचा छर्रा मारल्यावर एकदम तीन सेंटीमीटर उडी. दोष माउंटचा की स्कोपचा हे ओळखायचा उपाय तोवर हाताशी होता. प्रत्येक स्क्रूवरून माउंटवर बायकोच्या लाल नेलपेंटची एक रेघ ओढून ठेवली होती. स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटते. एकही तुटली नव्हती. मग वीस क्लिका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असं करत प्रत्येक कोपर्‍यावर तीन छर्रे मारले. कागदावर चौकोन उमटून शेवटचे छर्रे पहिल्या भोकांवर यायला हवेत. चौकोन सोडा, धड त्रिकोणही उमटला नाही. स्कोपच्या आतली स्प्रिंग गेली.

दुकानदार म्हणाला, "छर्‍याच्या बंदुकीवर लावलात ना? मग वॉरंटी नाही." ज्याने बंदूक विकली, त्याच काउंटरवर, त्याच बिलावर स्कोप विकला, त्याने हे म्हणावं! बिल दाखवलं, दोन्ही वस्तू एकाखाली एक लिहिलेल्या. तीन फेर्‍या झाल्या, आवाज चढले, शेवटी निम्मे पैसे दुसर्‍या खरेदीत वळते करून घेतले. ते १,२०० रुपये मी उपकार मानत नाही. मात्र खोक्यावर तळाला बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं हेही खरं. घेताना तिथे बोट ठेवून विचारा, हा स्कोप स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका सोसतो का, आणि बिलावर तसं लिहून मागा.

दुसरा स्कोप पुढच्या भिंगाला फिरतं कडं असलेला, ५,८०० चा. महाग वाटला, आता वाटत नाही. शिकारीचा स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला असतो. २० मीटरला ९ पटीवर चित्र धूसर होतंच, शिवाय डोळा जरा बाजूला गेला की फुली कागदावरून सेंटीमीटरभर सरकते. पहिल्या स्कोपबरोबर मी याला माझ्या हाताचा दोष समजत होतो. कडं फिरवून अंतर जुळवलं की डोकं हलवा, फुली हलत नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मुलीला हाक मारून दाखवलं.

बसवताना यावेळी घाई केली नाही. रेल आणि माउंट स्पिरिटने पुसून कोरडे केले, कारण तेलकट खाच कितीही आवळली तरी घसरतेच. आंब्याच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा लटकवला आणि बंदूक सरळ धरून फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. स्कोपभोवतीच्या माउंटच्या रिंगचे स्क्रू तिरपे, पाव-पाव फेरीने, दोन्हीकडची फट सारखी ठेवून आवळले. ॲलन कीचा आखूड हात दोन बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढा पुरे, जास्तीने नळी चेपते. आमची नळी मोडणारी बंदूक मुळातच खाली मारते, म्हणून मागच्या रिंगखाली जुन्या निगेटिव्हची एक पट्टी घातली. नाहीतर वरच्या क्लिका टोकाला जातात, आतली स्प्रिंग सैल पडते आणि पुन्हा तेच रडगाणं. माझा पहिला स्कोप त्यानेही लवकर गेला असावा असं आता वाटतं, तो मी वर टोकापर्यंत फिरवून वापरला होता.

देखभालीत धुळीपेक्षा मला पावसाची धास्ती आहे. काच शर्टाच्या टोकाने पुसायची नाही, आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग ब्रश, मग चष्म्याचं फडकं. जूनपासून बंदूक फोमच्या बॅगेत ठेवत नाही. फोम ओल धरतो, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली की ती निघत नाही. घरी कॅमेर्‍याची एक लेन्स अशीच गेली आहे. स्कोप रिंगमधून काढला तर झिरो पुन्हा बसवावा लागतो, म्हणून बंदूक उघड्यावर खुंटीवर, सुती कापड टाकून, आणि आठवड्याला एकदा उन्हाच्या वेळी खिडकीजवळ. तोंड सूर्याकडे नाही.

मार्चपासून सहाशेच्या आसपास छर्रे झाले, सगळे मातीने भरलेल्या पोत्यात, मागे विहिरीचा बांध. नेलपेंटच्या आठही रेघा शाबूत आहेत. मिस्त्रींकडून तसल्याच आणखी दोन पिना करून घेतल्या आहेत, एक बॅगेत आणि एक रेंजवरच्या एका काकांसाठी, त्यांचाही माउंट चालायला लागलाय.