सिमित घरी भाजताना: गार पाक की उकळता पाक?

सिमित म्हणजे तुर्कस्तानातला, तीळ लावलेला कड्याच्या आकाराचा पाव. त्याच्या पिठाबद्दल फारसे मतभेद नाहीत. मैदा, यीस्ट, मीठ, पाणी. हातभर लांबीच्या दोन वळ्या एकमेकींभोवती पिळायच्या आणि टोकं जोडून कडं करायचं. घरी करणारा अडतो तो पुढच्या पायरीवर. इस्तंबूलच्या पद्धतीत पेकमेझ, म्हणजे द्राक्षाच्या रसाची काकवी, पाण्यात कालवून गारच ठेवतात. कडं त्यात बुचकळायचं आणि तिळात घोळवायचं. इझमिरला सिमितला गेव्रेक म्हणतात. तिथे हेच पाणी उकळत असतं, आणि कडं त्यातून निघून मग तिळात जातं. मी दोन्ही पद्धतींनी भरपूर केलं आहे. आता एकच करतो, पण म्हणून दुसरीला नावं ठेवणार नाही.

आधी खाण्याचं बोलू. गार पाकातलं सिमित आतून जास्त मऊ होतं, कारण ओव्हनमध्ये गेल्यावर त्याला फुगायला मोकळीक मिळते. उकळत्या पाकात वरचा थर आधीच शिजलेला असतो, त्यामुळे कडं बेतानंच फुगतं. आतून जरा चिवट राहतं आणि वरून खरंखुरं कुरकुरीत होतं. मधोमध कापून पांढरं चीज, टोमॅटो, ऑलिव्ह भरायचे असतील तर पहिलं बरं. चहाबरोबर नुसतं मोडून खायचं असेल तर मी दुसरं घेईन. ज्याची त्याची आवड.

खटाटोप मात्र गार पाकात निश्चित कमी. पेकमेझ आणि पाणी समप्रमाणात घेतलेली एक खोलगट थाळी, शेजारी तिळाचं ताट, झालं. उकळत्या पाकाला पसरट पातेलं हवं, झारा हवा, आणि गॅससमोरून हलता येत नाही. एक भाग पेकमेझला तीन-चार भाग पाणी, मंद उकळी, दर बाजूला पंधरा-वीस सेकंद. जास्त वेळ ठेवलं तर साल जाड होते. जोड घट्ट दाबलेला नसेल तर तो पाण्यात सुटतो, आणि पीठ सैल असेल तर झाऱ्यावर घेताना कड्याचा लांबोडा होतो. म्हणून ५०० ग्रॅम मैद्याला गार पाकासाठी मी ३०० मिली पाणी घालतो, उकळत्या पाकासाठी २७५. भारतातल्या साध्या मैद्याला याहूनही थोडं कमी पुरावं.

एवढं वाचून कोणीही गार पाकाकडेच वळेल. मीही बरेच दिवस तेच करत होतो. मला तिथून हलवलं ते तिळांनी.

गार पाकातून काढलेलं कडं ओलं आणि निसरडं असतं. तीळ त्याला चिकटतात ते केवळ ओलाव्यामुळे. ओव्हनमध्ये ओलावा उडाला की पकड सुटते. ट्रेवर ठेवताना थोडे गळतात, कडं फुगताना आणखी गळतात. नुसते गळले तरी चाललं असतं. पण तापलेल्या पत्र्यावर पडलेला तीळ कड्यावरच्या तिळापेक्षा फार लवकर करपतो. पंधरा मिनिटांनी दार उघडावं तर कडं अजून फिकट, आणि त्याच्याभोवती काळ्या तिळांची रांग. पाकाच्या ओघळात अडकलेले हे तीळ कड्याच्या बुडाला चिकटून येतात आणि पहिल्याच घासाला जिभेवर कडू लागतात. सुरीनं खरवडले तर निघतात, पण सोबत सालही येते. इतकी निगुतीनं पिळलेली वळी बुडाकडून अशी कडू निघाली की वाईट वाटतं.

हे घरच्या ओव्हनमध्येच इतकं का होतं, याचा विचार केल्यावर मला पटलेलं कारण असं. सिमित मुळात घरी भाजायची वस्तूच नाही. इस्तंबूलमधल्या उस्कुदार भागाच्या न्यायालयीन दप्तरात १५९३ सालीच सिमितचं वजन आणि भाव ठरवून दिल्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हाही हा भट्टीवाल्यांचा धंदा होता. आजही तुर्कस्तानात लोक सकाळी रस्त्यावरच्या गाडीवरून किंवा बेकरीतून सिमित विकतच घेतात. तिथली दगडी भट्टी इतकी रसरसलेली असते की कडं झटकन भाजून बाहेर येतं. आपल्या ओव्हनला किंवा ओटीजीला २३० अंशांवर अठरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पत्र्यावरचा सुटा तीळ काही वाचत नाही.

गार पाकात चमचाभर मैदा कालवला तर पकड सुधारते. तिकडेही तसं करतात. माझ्या डोळ्यांना मात्र त्यानं सालीची लकाकी उतरलेली दिसते. ट्रेवर बटर पेपर घातला तर करपणं कमी होतं, थांबत नाही.

उकळत्या पाकात हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. गरम पाण्यानं कड्याच्या वरच्या थरातल्या मैद्याची खळ होते आणि तीळ त्या खळीत रुतून बसतात. भाजताना खळ वाळते आणि ते जागच्या जागी पक्के होतात. ट्रे काढल्यावर खाली मोजके तीळ दिसतात. सिमित सुरीनं आडवं कापलं तरी ते फारसे हलत नाहीत. शिवाय शिजलेली, गोडी मुरलेली साल घरच्या ओव्हनच्या आचेवरही चांगला तांबूस रंग धरते. तीळ आधी कढईत हलके, जेमतेम बदामी होईपर्यंत भाजून घ्यावेत, म्हणजे वास खुलतो.

मी बर्लिनमध्ये राहतो, इथे तुर्की किराणा दुकानात पेकमेझ सहज मिळतं. पुण्या-मुंबईत कोणी विचारलं तर मी आधी खजुराचा पाक सुचवतो. द्राक्षासारखीच त्यातही मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, त्यामुळे रंग चांगला येतो. कोल्हापुरी काकवी चवीला छानच, पण ती उसाची. तिचा स्वाद वेगळा कळतो आणि द्राक्षाचा आंबटसर अंश तिच्यात नसतो. उकळत्या पाण्यात तिच्यासोबत थोडं लिंबू पिळून पाहायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे पिझ्झाचा दगड आहे आणि ओव्हन २५० च्या वर जातो, त्यांनी गार पाक जरूर करून पाहावा. कडं दगडावर लवकर भाजलं तर माझी तक्रार बरीचशी मिटेल. एकदम वीस-पंचवीस सिमित करायचे असतील तरी गार पाकच परवडतो, उकळत्या पातेल्यासमोर तेवढ्या खेपा नकोशा होतात. पण रविवारी सकाळी आठ कडी, साधा ओव्हन आणि पत्र्याचा ट्रे एवढंच असेल, तर मी पातेलं चढवीन. उरलेली कडी पूर्ण गार झाल्यावर लगेच फ्रीझरमध्ये टाकावीत, कारण सिमित संध्याकाळपर्यंत वातड होतं. न वितळवता थेट गरम ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होतात.