बडोद्याहून मुंबईला इंडस्ट्रियल मेटल बघायला जायचंय? मैदान की क्लब

थंडी पडली की आपल्या बडोद्यातल्या मेटलवाल्यांचं, म्हणजे कर्कश गिटारीचं रॉक ऐकणाऱ्यांचं, सुरू होतं, मुंबईला जायचं तर मोठ्या मैदानातल्या शोला का बंद क्लबातल्या. इंडस्ट्रियलला हा प्रश्न जास्तच नडतो कारण अर्धी गंमत मशीनची असते, प्रोग्राम केलेले ड्रम, पत्रा ठोकल्याचे सँपल म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे, एकाच रिफवर, म्हणजे सुरांच्या छोट्या तुकड्यावर, दळण घातल्यासारखी गिटार, आणि सगळं मोजून ठोक्यावर. साउंड जरा विस्कटला की नुसता गोंगाट.

मैदानाचा साउंड आपल्याला नवा नाही, नवरात्रात गरब्याच्या मोठ्या ग्राउंडवर पार कडेला उभं राहिलं की स्टेजवरच्या ढोलवाल्याचा हात आणि आवाज जुळत नाही ना, तेच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 100 मीटरवर असाल तर ठोका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा येणार. इतर गाण्यांत चालून जातं हो, पण इथे लखलखणारे स्ट्रोब लाइट बरोब्बर किकवर, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर, मारतात त्यामुळे डोळे एक सांगतात नि कान दुसरंच. त्यात महालक्ष्मी रेसकोर्ससारख्या समुद्राजवळच्या जागी वारा फिरला की सँपलचे बारीक आवाज येतात-जातात, बेस तेवढा राहतो. पण म्हणून पार पुढच्या रेलिंगलाही चिकटू नका, साउंडवाल्याच्या कन्सोलच्या थोडं पुढे, मधोमध उभे राहा, तो स्वतः तिथेच उभा राहून मिक्स करतो. अशी जागा मिळाली तर मैदानातला बेस मला क्लबपेक्षा स्वच्छ वाटतो, भिंती नाहीत म्हणून घुमत नाही.

आणि आग! रॅमस्टाइनसारखा बँड, 1994 पासून बर्लिनचे तेच सहा जण, त्यांच्या शोमधून ज्वाळा काढल्या तर अर्धा शो गेला. हा प्रकार उघड्यावरच बघावा. क्लबात कोणी स्टेजवर फटाके लावायला लागलं तर मी तरी दाराकडे निघेन. 2003 मध्ये अमेरिकेत र्‍होड आयलंडच्या एका क्लबात अशाच आतिषबाजीने भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि 100 माणसं गेली, आपल्याकडे 2017 ला कमला मिल्सच्या पबमधल्या आगीत 14. आत शिरल्यावर दुसरं दार कुठे आहे ते आधी बघायचं, बिअर नंतर.

मग क्लब कशाला? तर गॉडफ्लेशसारख्या बँडसाठी. बर्मिंगहॅमचे दोघं जण आणि एक ड्रम मशीन, एवढाच संसार. मैदानात असं काही ठेवलं तर स्टेज रिकामं वाटेल, पण दोन-तीनशे माणसांच्या खोलीत तो ठोका बरगड्यांत बसतो. घाम, धक्के, समोरच्याचे केस तोंडात, हे सगळं आलंच, ज्याला फावत नाही त्याने जाऊ नये. कानाचं मात्र मनावर घ्या, 85 डेसिबल आठ तास चालतं असं धरलं तर दर 3 डेसिबलला वेळ अर्धी होते, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. इअरप्लग खिशात हवेतच, मैदानातसुद्धा. आणखी एक, महाराष्ट्रात बिअरला 21 आणि दारूला 25 वय लागतं, त्यामुळे क्लबात बऱ्याचदा कॉलेजच्या पोरांना दारातूनच परत पाठवतात, तिकिटावरची अट वाचूनच पैसे भरा.

एक्झिबिशनच्या मोठ्या हॉलमध्ये शो असेल तर मी दोनदा विचार करीन. फरशी कडक, छत उंच, मशीनच्या ड्रमचा प्रत्येक ठोका परत येऊन पुढच्यावर आदळतो.

आता परतीचं, आपल्यासाठी हेच महत्त्वाचं. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद असा नियमच आहे, त्यामुळे मैदानातला बँड वेळेत आटपतो. महालक्ष्मीहून लोकलने स्टेशन गाठलं, रात्रीची गाडी धरली की पहाटे बडोदा, आंघोळ करून सेव उसळ खायला मोकळे. क्लबात मेन बँडच उशिरा चढतो, मग लोकल गेलेली, हॉटेलचा खर्च अंगावर. दादरला बडोदेकराची आत्या नाहीतर मावशी असतेच म्हणा, पण रात्री दीडला काळ्या टीशर्टात बेल वाजवायची हिंमत पाहिजे. आणि हो, उरलेली बाटली बॅगेत टाकून आणू नका, उमरगावपासून गुजरात लागतं.

मला विचाराल तर आग-लाइटवाला बँड असेल तर मैदान, दोन-तीन माणसं आणि मशीन असेल तर क्लब, आणि पहिल्यांदाच जात असाल नि वय बसत असेल तर क्लबच. फक्त शोच्या तिकिटाआधी परतीचं रिझर्वेशन बघा, नाताळच्या आठवड्यात बडोद्याच्या गाड्यांना वेटिंग लागतं आणि शोचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.