पहिलं पाऊल: पट्टीवर नजर की मनात उजळणी?

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात माझं चालणं एकदा सुरू झालं की बहुधा जमतं. अडतं ते मुख्यतः निघताना आणि दारात. पाय जमिनीला चिकटतात. फिजिओथेरपिस्ट यावर साधारण दोन उपाय सुचवतात: जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या किंवा काठीला बसवलेल्या लेझरची जमिनीवर पडणारी रेघ ओलांडायची, नाहीतर मनाशी ‘वजन डावीकडे, उजवं पाऊल मोठं’ म्हणत निघायचं. मी दोन्ही वापरले आहेत.

दुसऱ्या उपायाला सामान लागत नाही, आणि त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. पाऊल उचलण्याआधी शरीराचं वजन टेकलेल्या पायावर आपोआप सरकावं लागतं; या आजारात ते सरकणं अपुरं आणि मंद होतं. मुद्दाम डोलून वजन सरकवलं की दुसरा पाय मोकळा होतो. शांत खोलीत, एकटं असताना हे मला छान जमतं.

पण घरात माणसं असतात. मी उभा राहून मनात जुळवाजुळव करत असतो, तेवढ्यात कुणीतरी मायेनंच म्हणतं, “सावकाश हं, घाई नको.” झालं! लक्ष त्या शब्दांकडे जातं आणि पाय तिथेच राहतात. उत्तर द्यावं तर चालणं राहतं, न द्यावं तर समोरच्याला वाईट वाटतं. फोन वाजला किंवा हातात भरलेला पेला असला तरी तेच. दारात तर हमखास, कारण तिथेच पाय अडतात आणि लोक बोलतातही तिथेच.

पट्टीचं तसं नाही. बोलण्यानं थोडा फरक पडतो, पण रेघ समोरच असते. नजर परत तिच्यावर नेली की पाय उचलतो. काही संशोधक म्हणतात की पट्ट्यासुद्धा शेवटी लक्षच वेधतात, आणि त्यात तथ्य असावं. मात्र 1999 साली फ्रेंच संशोधकांनी लुकलुकत्या प्रकाशात हलत्या दृश्याची जाणीव तोडली, तेव्हा चालताना पट्ट्यांचा होणारा फायदा गेला. म्हणजे डोळ्यांचं स्वतःचंही काही काम आहे. माझा अनुभव त्याच बाजूचा आहे.

लेझर कडक उन्हात फिका पडतो, ही खरी अडचण. तेवढ्यापुरता मी डोलण्याकडे वळतो. नजर अधू असेल किंवा दिवसाचा बराच वेळ एकांतात जात असेल, तर कदाचित तुम्हाला तेच अधिक सोयीचं वाटेल. बाकीच्यांना मी आधी पट्ट्या लावून बघा म्हणेन, तोल नीट राहतो ना हे फिजिओथेरपिस्टसमोर पाहून. पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात. दिशेला समांतर रेघांचा तसा उपयोग होत नाही, हे मेंदूविकारतज्ज्ञ जे. पर्डन मार्टिन यांनी 1967 मध्येच नोंदवलं होतं. रंग फरशीहून अगदी वेगळा घ्या, कारण पार्किन्सन्समध्ये फिकट-गडद फरक ओळखणंही कमी होतं. आणि पहिली पट्टी दाराच्या अलीकडेच लावा.